ऐंशी ताटांचा हिशोब

याकोबमामांनी नगरच्या चर्चमागच्या वसतिगृहात एकतीस वर्षं स्वयंपाक केला. ऐंशी पोरं, दोन्ही वेळा. कर्जतकडून आलेला मी त्यांतलाच एक. सात वर्षं त्यांच्या हातची आमटी भुरकली आणि आता त्यांच्याच गल्लीत राहून शाळेत इंग्रजी शिकवतो. मामांचे गुडघे गेलेत, पण डोकं अजून मेसमध्येच आहे. लग्नाला दोनशे पानं होणार म्हटलं की न विचारता सांगतात, तांदूळ वीस किलो, तूरडाळ आठ, आणि वरपक्ष असेल तर वर दोन किलो धरा, ती माणसं लाजत नाहीत. गल्लीत कुणालाही कसलाही खर्च काढायचा असला की तो आधी मामांच्या ओट्यावर येतो.

गेल्या वर्षी समोरच्या सविताबाईंची दया अशीच आली होती. माल्टा नावाच्या बेटावर वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून नोकरी, पगार महिना हजार युरो, करार दोन वर्षांचा. पुण्याच्या एजंटाने पत्र पाठवलं होतं. ते वाचायचं काम माझ्याकडे आणि राहण्या-खाण्याचा हिशोब मामांकडे. पत्रात काही चूक नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. पत्रातल्या इंग्रजीत चूक नव्हती आणि तेवढंच मला तपासता येत होतं, हे मात्र सांगितलं नाही.

मामांनी तिथल्या तांदळाचा, पिठाचा, तेलाचा भाव विचारून घेतला. मेसमध्ये महिन्याला जेवढं लागायचं त्याला ऐंशीनं भागलं, भावानं गुणलं आणि आकडा सांगितला, पंचावन्न युरो. एवढ्यात एका माणसाचं पोट भरतं. दोघींच्या खोलीतल्या एका खाटेचं भाडं तीनशे, एजंटाचे दोनशे, बस आणि फोन धरूनही चारशे उरत होते. आधी पोटोबा मग विठोबा, पोटाचं भागलं की बाकीचं भागतं, असं ते चर्चच्या पाळकसाहेबांसमोरसुद्धा म्हणाले आणि पाळकसाहेब हसले. मामांनी हिशोब केलाय म्हटल्यावर कुणालाच शंका उरली नाही. जुलैत दया गेली.

पैसे येऊ लागले. सविताबाईंनी घरावरचे पत्रे काढून कर्जानं स्लॅब टाकला. दयाचे फोटो यायचे, मागे निळं पाणी आणि ऊन, आणि प्रत्येक फोटोत ती आधीपेक्षा बारीक. परदेशात पोरी फिगर सांभाळतात, असं गल्लीनं ठरवून टाकलं. मला ते खटकायचं, पण खटकलेलं पोटात ठेवायची मला वाईट खोड आहे. शिवाय दुसऱ्याच्या पोरीची चांगली चाललेली गोष्ट, त्यात आपण कशाला तोंड घालायचं.

यंदा ऑगस्टमध्ये तसंच पत्र आराधनाला आलं. आराधना मामांची एकुलती एक. आई सहा वर्षांपूर्वी गेली, घरात बापलेक दोघंच. सहायक नर्सचा कोर्स करून ती इथल्या एका दवाखान्यात अकरा हजारांवर राबत होती. वृद्धाश्रम तोच, पगार तोच, खोलीसुद्धा दयाचीच. होकार शनिवारपर्यंत कळवायचा होता.

मामांनी तोच हिशोब पुन्हा मांडला. दयाच्या वेळी त्यांना तासभर लागला होता. या वेळी चार दिवस झाले तरी ते कागद हातातून सोडेनात. गुरुवारी मला बोलावून म्हणाले, "कल्याण, हिशोब बसतोय. बसतोय म्हनूनच भ्या वाटतंय." मग त्यांनी विचारलं, दया कधी खोलीतून का बोलत नाही? ती रस्त्यावरून बोलायची, समुद्राकाठून, चर्चच्या पायऱ्यांवरून. तेरा महिन्यांत तिची खोली आम्ही कुणी पाहिलेली नव्हती.

शुक्रवारी दुपारी दयाची सुटी होती. आराधना धरून आम्ही तिघं मामांच्या घरात बसलो, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. दया रस्त्यावरच होती. मामा म्हणाले, स्वयंपाकघर दाखव. ती म्हणाली, तिथं रेंज नसते. मामा म्हणाले, चालंल, आमी थांबतो. इतक्या मऊपणे म्हणाले की तिला नाही म्हणता येईना. ती चालू लागली. दोन जिने चढताना तिला इतकी धाप लागली की आराधनानं माझ्याकडे पाहिलं. दया चोवीस वर्षांची आहे.

स्वयंपाकघर पाच खोल्यांत मिळून एक होतं. भिंतीवर फळ्या, प्रत्येक कप्प्याला छोटं कुलूप. दयानं आपला कप्पा उघडला. मीठ, चहाची पूड, अर्धी पिशवी साखर आणि नूडल्सचं एक पाकीट. मामा चष्मा वर करून पाहत राहिले. कोठी तपासायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलंय.

"काल काय जेवलीस?" त्यांनी विचारलं.

दया म्हणाली, "जेवले ना मामा."

"जेवलीस का ते न्हाई इचारलं. काय जेवलीस?"

हे त्यांचं मेसमधलं शास्त्र. घरून पैसे आले नाहीत म्हणून मेसबाहेर राहिलेल्या पोराला जेवलास का विचारलं, तर ते हो म्हणणारच. काय जेवलास विचारलं की खोटं बोलणाऱ्याला भाजी आठवत नाही. दयालाही आठवली नाही.

मग तिनं सांगितलं. आश्रमातल्या आजी-आजोबांच्या ताटात जे उरतं, ते ती धुवायच्या जागी उभ्याउभ्या खाते. सुटीच्या दिवशी चहा. शेजारच्या खाटेवरची मुलगी नाताळाआधी निघून गेली, तेव्हापासून मालक अख्ख्या खोलीचे सहाशे हिच्याकडूनच घेतो. खोली सोडावी तर दुसरी त्याहून महाग. एजंटाचे दोनशे पगारातूनच कापून जातात, घरी स्लॅबचा हप्ता थांबवता येत नाही. पोटाचे तेवढे कमी करता येतात. आणि पंचावन्न युरोत महिना भागतच नव्हता, शेजारची होती तेव्हाही नाही. पाच खोल्यांत शेगडी एक, बारा तासांची पाळी करून आल्यावर तिचा नंबर लागता लागत नाही, मग विकतचं खावं लागायचं.

"मामा, तुमच्या हिशोबात मी ऐंशीतली एक होते," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "इथं एकटीच आहे."

मेसमध्ये पोतं पोत्याच्या भावानं यायचं, जाळ एकच पेटायचा, कुणी आजारी पडला की त्याची भाकरी दुसऱ्याच्या पानात पडायची. चूक इतकी साधी होती की आमच्यापैकी कुणीही ती पकडू शकला असता, आणि कुणीच पकडली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

फोन ठेवताना दया हळूच म्हणाली, आराधना आली की बरं होईल. त्या एका वाक्यानं मला तिची भीती वाटली. लहानपणी माझ्याकडे शिकवणीला यायची ही पोर.

मामा उठले. "तू जायची न्हाईस," एवढंच आराधनाला म्हणाले आणि चप्पल न घालता समोर सविताबाईंकडे गेले. मी मागोमाग. लेक उपाशी मरतेय हे आईला कसं सांगणार, याचीच मला धास्ती होती. सविताबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मामांनी सगळं सांगितलं, कप्पा, उरलेली ताटं, सहाशे युरो. बाईंचा हात थांबला नाही.

"नाताळापासनं ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

मामा ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाज फाटला. मग बोलावून का घेत नाहीस, असं त्यांनी विचारलं. सविताबाईंनी शांतपणे सांगितलं की तिची मूळ प्रमाणपत्रं एजंटाकडे आहेत. करार मोडला तर तीन लाख भरावे लागतील. अकरा महिने राहिलेत.

"माझी पोरगी तुमच्या हिशोबानं गेली, याकोबदादा. म्या तुमाला एका शब्दानं बोलले का? आता तिच्या शेजारची खाट रिकामी हाय."

एवढं बोलून त्यांनी फोडलेले दाणे आमच्यापुढे सरकवले. घरी आलेल्याला काहीतरी द्यायची रीत त्या मोडत नाहीत. आम्ही कुणीच दाण्यांना हात लावला नाही.

आमची गल्ली अरुंद आहे, या दारातलं त्या दारात ऐकू जातं. आम्ही परतलो तेव्हा आराधना उंबऱ्यात उभी होती. तिनं तो हिशोबाचा कागद वडिलांच्या हातातून घेतला आणि घडी घातली. आपण गेलो की भाडं निम्मं होईल, शेगडीला एकीनं उभं राहिलं तरी दोघींचं भागेल, दोघी पोटभर जेवतील, असं तिनं सांगितलं. आकडे बरोबर होते. मामांनी आयुष्यभर हेच शिकवलं होतं की माणूस वाढला की खर्च तेवढा वाढत नाही.

"आन अकरा महिन्यांनी ती सुटली म्हंजे?" मामांनी विचारलं. "तुझं तर वर्ष उरंल. तवा तुझ्या शेजारी कोन येनार?"

आराधना म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा बघू, पप्पा."

मामा खाली बसले. त्यांना तिला अडवायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण अडवायचं तर समोरच्या दारातल्या बाईच्या पोरीला उपाशी ठेवून अडवायचं, आणि तिला तिथं धाडलं होतं त्यांनीच.

शनिवारी सकाळी आराधना माझ्या घरी आली, होकाराचं पत्र इंग्रजीत लिहून घ्यायला. तिला नाही म्हणायचं असं मी रात्रीच ठरवलं होतं. पण ती समोर बसली आणि मी लिहायला लागलो. मामा बाहेर ओट्यावर येऊन बसले होते, आत आले नाहीत. पत्र छान झालं, व्याकरणाची एक चूक नाही. तिनं सही केली, फोटो काढून एजंटाला पाठवला आणि माझे आभार मानले. मग आतल्या खोलीकडे पाहत तिनं अगदी सहज विचारलं, सर, तुमची मनवापण नर्सचाच कोर्स करते ना, कधी संपतो?

मनवा माझी थोरली. आत पुस्तक उघडून बसली होती.

पुढच्या जूनमध्ये, असं मी सांगून बसलो.