नाल्याकडच्या बांधीतली माती

अकरावीला शेतीशास्त्र घेतलं तेव्हा वाटलं होतं, चला, पाठांतर तरी कमी. धान तर घरचंच, त्यात शिकायचं ते काय! पण नवे आलेले सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "प्रत्येकानं आपल्या शेतातली माती आणायची. झाडाखालची नको, धुऱ्याजवळची, बांधालगतची नको, खताच्या ढिगाजवळची तर नकोच. धान लावता त्या बांधीच्या मधातली आणा. वीतभर खोल खड्डा करा आणि नीट खाली वाकून कडेची माती तासा."

खाली वाकून म्हणे! परगावच्या सरांना काय माहीत!

माझ्या मायला वाघानं नेलं तेव्हा ती नाल्याकडच्या बांधीत वाकून निंदण काढत होती. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. बाबा तेव्हा शेजारच्याच बांधीत होते, तिच्याकडे पाठ करून. त्या दिवसापासून मला एकच धाक होता, शेतात वाकायचं नाही. ती बांधी पडीत राहिली. रोवणीच्या बाया तिथं पाय टाकायला तयार नव्हत्या आणि बाबा धुऱ्यावरूनच माघारी फिरत. वाघानं नेलेल्यांसाठी रचतात तशी धुऱ्यावर दगडांची रास झाली होती. येणारा-जाणारा तिच्यावर एक डहाळी टाकायचा, हात जोडायचा. घरात मात्र मायचं नाव कोणी काढत नव्हतं. बाबा तर नाहीच नाही. मला याचाच राग यायचा. मेली म्हणजे काय ती कधी नव्हतीच का?

म्हणून मी माती तिथलीच आणली.

पाऊस लांबला होता. वाघ जवळ येऊ नये म्हणून दोन मैत्रिणी धुऱ्यावर उभ्या राहून मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत होत्या. मी बांधीच्या मधात जाऊन वाकले. अगं माय! मानेवर कोणीतरी श्वास सोडतंय असं वाटलं. तो वाघ असेल असं नाही वाटलं. तीच मागं उभी आहे असं वाटलं आणि त्याचीच जास्त भीती वाटली. कशीबशी माती पिशवीत भरली आणि पळत सुटले.

शाळेत माती वाळवून चाळली, प्रत्येकानं ती आपापल्या कुंडीत भरून धान पेरायचं होतं. चाळणीवर खडे उरले, धसकटं उरली आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा. सर म्हणाले, "वर उरते ती माती नसते. फेकून द्या." रोवणी करताना बायांच्या बांगड्या फुटतातच, सगळ्यांच्याच शेतात तुकडे सापडतात. तो कोणाचाही असेल, हे मलाही कळत होतं. तरी अंगावर सर्रकन काटा आला. तो तुकडा मी मुकाट्यानं कुंडीत दाबला आणि वरून धान पेरलं.

माझ्या कुंडीतले पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, सगळ्या वर्गात उठून दिसायला लागले. उंच, काळपट हिरवे. "वा! काय खत घातलं गं?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. मग स्वतःच समजावू लागले, जमीन पडीत राहिली की गवत कुजतं, मातीचा कस वाढतो. बरोबरच होतं ते. पण मला आठवला तो मातीत दाबलेला तुकडा. पुढं रोज वर्गात शिरले की आधी त्या कुंडीकडे नजर जायची. वारा नसताना पाती हलतायत असं वाटायचं.

मग रोपं उपटून मुळं मोजायचा दिवस आला. मी म्हटलं, "मी नाही उपटणार." सर चिडले, मग मीही चिडले. शेवटी ते ओरडले, "घेऊन जा ती कुंडी घरी!"

घेऊन आले. बाबा अंगणात बसले होते.

"कुठची माती होय हे?"

"नाल्याकडच्या बांधीतली."

आता मार बसतो, असं वाटलं. ते नुसते रोपांकडे पाहत राहिले.

"वाकली होती का तू?"

"हो."

"मागं कोण होतं?"

"कोणीच नाई."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाले, "त्या दिवशी तिची हाक आली होती मले. वाटलं, पाणी मांगून राह्यली. म्हटलं, हातातलं संपवतो, मंग पाहतो."

इतकी वर्षं मी ज्या मुकेपणावर चिडत होते, त्यात हे होतं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंडी उचलली आणि चालू लागले. मी मागोमाग. रात्रभर पाऊस झाला होता. दगडांच्या राशीपाशी ते थांबले, डहाळी टाकली आणि धुरा ओलांडून बांधीत उतरले.

"मी वाकतो," ते म्हणाले. "तू माह्या मागं उभी राय. जंगलाकडं पाहत राय."

मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. मागून चिखलाचा आवाज येत होता, एकेक रोप लागत होतं. मग आवाज थांबला. बाबा मायला तिच्या नावानं हाक मारत होते, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. मला वळायचं होतं, त्यांना जवळ घ्यायचं होतं. पण मी वळले नाही. जंगलावरची नजर काढली नाही.