सुभेदार मेश्रामांनी आधीच दिलेला हुकूम

माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर झाली तेव्हा मी नाईक होतो. वर आमची एक प्लाटून होती. प्लाटूनचे सुभेदार होते मेश्राम साहेब. ते हट्ट्याचे आणि मी राजेगावचा, दोघंही बालाघाट जिल्ह्यातले. इतक्या दूर आपल्या बोलीतला माणूस भेटला याचा मला फार आनंद झाला होता.

चौकीचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं, मग बर्फ काढणे, रेडिओ चेक, ड्युटी. ड्युटीवर जाण्याआधी साहेब प्रत्येक जवानाला बूट काढायला लावत. गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातांनी त्याची बोटं दाबून पाहत. कुठे बधिरपणा आहे का, रंग बदललाय का. पाय चोळता चोळता घरचं विचारत. हे काम नर्सिंग असिस्टंटही करू शकला असता. मी एकदा तसं म्हणालो.

"पायाले हात लावला का माणूस खरं बोलते, शेंडे," साहेब म्हणाले. "उभ्यानं विचारलं त सगळे 'ठीक है साब'च म्हणतात."

असंच एका सकाळी शिपाई कदमचे पाय पाहताना साहेबांना त्याचा श्वास वेगळा वाटला. छातीतून घरघर येत होती. नर्सिंग असिस्टंटने तपासलं. फुप्फुसात पाणी भरत होतं. यावर इलाज एकच, माणसाला लवकरात लवकर खाली नेणे. साहेबांनी रेडिओवर खालच्या तळाकडे हेलिकॉप्टर मागितलं.

"नेगेटिव्ह. हवामान खराब. वाट पाहा. ओव्हर."

"पेशंट वाट पाहू शकत नाही. आम्ही चालत आणतो. ओव्हर."

खालून उत्तर आलं, "निर्णय तुमचा. ओव्हर."

"रॉजर. निर्णय माझा. आऊट."

खाली जायची वाट एका उघड्या उतारावरून होती. त्यावर आठवडाभराचा ताजा बर्फ साचला होता. साहेबांनी सगळ्यांना बंकरबाहेर बोलावलं. मला वाटलं आता जोशाचं भाषण होईल.

"पोरांनो, खरं सांगतो," ते म्हणाले. "मले भेव वाटून राह्यलं. हा उतार कधीबी सुटू शकते. पण थांबलो त कदम वाचत नाही. मी जाऊन राह्यलो. ज्याले यायचं नसन त्यानं चौकी सांभाळावी. मी त्याले काहून म्हणून विचारणार नाही."

सुभेदाराच्या तोंडून 'मला भीती वाटते' हे शब्द आम्ही कधी ऐकले नव्हते. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळेच पुढे आले. शेवटी चौकीवर कोण थांबणार हे साहेबांनाच ठरवावं लागलं.

निघताना ते परत थांबले.

"आणखी एक. मी दबलो त स्ट्रेचर थांबणार नाही. हा हुकूम आत्ताच देऊन ठेवतो. पुढं शेंडे कमांड घेईन. मागून कोणी बोट दाखवलं त सांगा, साहेबानं सांगतलं होतं."

उतारावर आम्ही अंतर ठेवून चाललो. आधी स्ट्रेचर, मग एकेक जण. साहेब सगळ्यात मागे. मी स्ट्रेचरसोबत पलीकडच्या खडकापाशी पोचलो. माझ्यामागून शिपाई गायकवाड पोचला. साहेब अर्ध्यावर होते तेव्हा वर कापड फाटल्यासारखा आवाज झाला आणि पूर्ण उतार खाली गेला.

आम्ही हाका मारल्या. काठ्या खुपसून शोधलं. कुठेही काही लागलं नाही. रेडिओवर मी त्यांना बोलावत राहिलो. सेट गप्प होता. गायकवाड हातांनी बर्फ उकरत होता, हातमोजे निघून पडल्याचंही त्याला भान नव्हतं. मागे कदमच्या सिलेंडरमधला ऑक्सिजन संपत आला होता.

मी गायकवाडजवळ बसलो.

"गायकवाड, माझाही पाय इथून निघत नाही. पण कदम जातोय. चल."

तो उठला. आम्ही स्ट्रेचर उचललं. तेव्हा मला कळलं की साहेबांनी काय केलं होतं. त्यांना तिथे सोडून जायचा निर्णय आमच्यापैकी कोणालाही घ्यावा लागला नाही. तो भार त्यांनी निघण्याआधीच स्वतःवर घेऊन ठेवला होता. स्वतःच्या मरणाचा विचार करताना हा माणूस आमच्या पुढच्या आयुष्याचा विचार करत होता.

कदम वाचला. साहेब दोन दिवसांनी सापडले.

फौजेतून निवृत्त होऊन आता मी बालाघाटजवळ एका मँगनीजच्या खाणीत शिफ्ट सांभाळतो. एकदा जमिनीखाली छताला सळईने ठोकून पाहिलं, आवाज पोकळ वाटला, म्हणजे वरचा दगड सुटलेला असू शकतो. मी माणसांना सांगितलं, "मले या छताचं भेव वाटते. आज आत कोणी जाणार नाही. वर मी बोलतो." वर बोलणी खावी लागली. छतही काही पडलं नाही. पण पुढच्या आठवड्यात उईके नावाचा ड्रिलर, जो कधी तोंड उघडत नाही, स्वतःहून जवळ आला.

"साहब, आज मशीन मत दो. बच्ची अस्पताल में है. ध्यान नहीं लगेगा."

मी त्याला घरी पाठवलं. मशीन मी दुसऱ्याला दिली. लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर येताना मला वाटलं, साहेब असते तर त्यांना हे सांगितलं असतं.

दरवर्षी मी हट्ट्याला साहेबांच्या घरी जातो. समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली साहेबांचा वर्दीतला फोटो आहे. मागच्या खेपेला साहेबांच्या पत्नीला, वहिनींना, पहिल्यांदाच त्या सकाळचं सगळं सांगितलं.

"घरी त कधीच नाही म्हणले, भेव वाटते म्हणून," त्या म्हणाल्या. "सुट्टीवरून जाताना हासतच जात. तुमाले सांगतलं, नाही का?"

"हौ वहिनी. सगळ्यांले सांगतलं."

त्यांनी पदराने फोटोची काच पुसली.

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "कोणाले त सांगतलं."