रुपचंदभाऊंची हिरवी परात

सोनगीरमध्ये रुपचंदभाऊंना जेवायला बोलावणं म्हणजे आपल्याच घरावर धाड घालून घेणं. माणूस आल्याबरोबर पाटावर बसत नाही. आधी स्वयंपाकघरात शिरतो, पाण्याचा हंडा उजेडाकडे कलता करतो, काठाखालून बोट फिरवतो आणि त्या बोटाकडे बघतो. बोट स्वच्छ निघालं तर जेवण. हिरवट काही लागलं तर "शी!" ही शी आपण गटारीवरून उडी मारताना करतो तशी वरवरची नसते, थेट बेंबीपासून येते. माझ्या आत्याने एकदा ती ऐकली आणि तांब्याचा हंडा माळ्यावर टाकून स्टीलचा घेतला. भाऊ स्वतः तांबट. तांब्याची गिऱ्हाइकं पळवून लावणारा तांबट मी दुसरा पाहिलेला नाही.

तांब्यावर चढणाऱ्या त्या हिरव्याला कळंक म्हणतात. भाऊंचं आणि त्याचं वैर ते सात वर्षांचे असल्यापासूनचं. शिंदखेड्याला एका लग्नात यजमानांनी आदल्या दिवशीची ताकाची कढी तांब्याच्या पातेल्यात तशीच ठेवली होती. पातेल्याची आतली कल्हई कधीच उडालेली. दुसऱ्या दिवशी मांडवात चाळीस माणसं ओकत होती, नवरदेवासकट. मेलं कुणी नाही, पण कुणीतरी ते पातेलं पालथं केलं आणि बुडावरचा ठसा वाचला: झुलाल. म्हणजे भाऊंचे वडील. कल्हई करून घेणं यजमानांचं काम होतं, कढी यजमानांची होती, पण बुडावर नाव झुलालचं होतं. त्यानंतर झुलालबाबा वीस वर्षं जगले आणि वीस वर्षांत शिंदखेड्याला त्यांचा एक तांब्यासुद्धा खपला नाही.

तो पोलादी ठसा आता भाऊंकडे आहे. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. भांडं तयार झालं की घासायचं, पुसायचं, उजेडात धरायचं आणि मग शेवटी बुडावर एक ठोका. ठोक्याआधी हात धुतात. मी विचारलं होतं, "भाऊ, हात कशाला?" म्हणाले, "बापाचं नाव लिहितोय ना बे."

माझं गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, म्हणजे या सगळ्या घाणीची सुरुवात माझ्याच दुकानात झाली. फॉर्म होता धुळ्यातल्या एका संस्थेचा: 'पारंपरिक कारागिरांसाठी मिश्र माध्यम कला कार्यशाळा, सर्जनशील प्रेरणेचा शोध'. भाऊंनी तो वाचून घेतला, तोंड वाकडं केलं आणि उठलेच. तेवढ्यात मी खालची बारीक ओळ वाचली. ज्या कारागिराचं काम जळगावच्या प्रदर्शनासाठी निवडलं जाईल, त्याच्याकडे संस्था वर्षभर दहा जणांना शिकायला पाठवेल.

भाऊ परत बसले.

त्यांचा मुलगा स्वप्नील सुरतला साड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. हातोडी उचलली की त्याचा खांदा दुखतो. भाऊंच्या लहानपणी गल्लीत शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, इतके ठोके. आता त्यांच्या एकट्याच्या हातोडीचा आवाज येतो, आणि तो थांबला की गल्लीतल्या बाया समजतात, भाऊ चहाला बसले.

"भर," म्हणाले. "पण मेसेज तुझ्या मोबाइलवर मागव. माझा फक्त वाजतो."

मेसेज माझ्या मोबाइलवर, म्हणून पाच दिवस मीही धुळ्याला.

हॉलमध्ये मोठ्या टेबलावर उकिरडा मांडला होता. माझा शब्द नाही, भाऊंचा. केळीच्या खोडाचे धागे, फाटक्या साड्यांचे काठ, गोणपाट, वर्तमानपत्रं, डिंकाची बरणी, आणि चहात बुडवून जुनाट केलेले कागद. भाऊंनी त्यातला एक नाकाशी नेला. "चांगला चहा वाया घालवला," म्हणाले, आणि बोट धोतराला पुसलं.

शिकवायला दिपमाला मॅडम होत्या, पुण्याच्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. जमिनीवर बसायच्या, सगळ्यांबरोबर भाकरी खायच्या, हाताला रंग लागला तर तसाच ठेवायच्या. फक्त बोलायला लागल्या की काही तरी व्हायचं.

"मटेरियलला बोलू द्या," त्या म्हणाल्या. "ते आपल्याला काय म्हणतंय ते ऐका."

भाऊंच्या शेजारी धुळ्याचे अय्युबभाई बसले होते. कल्हईवाले, साठीचे, भाऊंची तीस वर्षांची ओळख. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं भांडं बोलाय लागलं की समजायचं, तडा गेला."

सगळे हसले, मॅडमही. भाऊ हसले नाहीत. हॉलच्या मागे टाकीत केळीची खोडं कुजत ठेवली होती, धागा सुटावा म्हणून, आणि वारा फिरला की तो वास थेट खिडकीतून आत यायचा. भाऊंनी दोन दिवस उपरण्यातून श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ते सहन होईना. त्यांनी पिशवीतून हातोडी काढली, घरून आणलेली अर्धी झालेली परात मांडीवर घेतली आणि कडेला बसून ठोकायला लागले. सारख्या अंतरावर, सारख्या जोराचे ठोके, काठापासून मध्याकडे गोल गोल. प्रत्येक ठोक्याखाली तांदळाएवढा खळगा पडतो आणि खळग्यात उजेड अडकतो. पाच मिनिटांत हॉलमध्ये डिंकाची बोटं थांबली. मॅडम समोर येऊन बसल्या आणि तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. भाऊंचा चेहरा त्या पाच दिवसांत तेवढाच एक तास सरळ होता.

"भाऊ," शेवटी त्या म्हणाल्या, "जळगावला हीच जाणार."

मी भाऊंकडे बघितलं. कान लाल झाले होते.

"फक्त," मॅडम म्हणाल्या, "हिला हिरवं करू या."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कृती सांगितली. झाकणाचं प्लॅस्टिकचं खोकं घ्यायचं. तळाशी शिरका म्हणजे व्हिनेगर, मीठ आणि नवसागर. वर जाळी, जाळीवर परात. झाकण लावायचं, सहा दिवस उघडायचं नाही. तांब्यावर निळसर हिरवा थर चढतो, त्याला पॅटिना म्हणतात. मग कडेने केळीचे धागे विणायचे, साडीचा काठ चिकटवायचा. पूर्वीचे लोक याच कामासाठी शिळं मूत वापरायचे, हेही त्यांनी उत्साहाने सांगितलं.

अय्युबभाईंना नवसागर खटकला. "मॅडम, नवसागर तर मी मारतो भांड्याला. घाण काढाया! तुम्ही घाण आणाया मारता?"

भाऊ उठले, मागच्या टाकीपाशी गेले आणि सकाळचे पोहे ओकून आले.

परतताना एसटीत म्हणाले, "चाळीस माणसं बघितली मी. त्यातला एक माझ्या पायावर ओकला होता." मी म्हटलं, "मग नका करू." सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा भाऊ म्हणाले, "दहा जण येणार म्हणतात. दहातला एक तरी हातोडी धरेल."

आणि त्यांनी केलं. घरामागे न्हाणीच्या आडोशाला खोकं ठेवलं. रोज एकदा जाऊन झाकण नीट आहे का बघायचे, नाकाला उपरणं लावून, एखाद्याने घरात नाग पाळावा तसं. आल्यावर दोनदा साबणाने हात धुवायचे. सहाव्या दिवशी परात काढली तेव्हा मी होतो. आतून बाहेरून हिरवी, मध्ये मध्ये निळे फुगवटे, शेवाळावर बुरशी आल्यासारखी. भाऊंनी दोन बोटांच्या चिमटीत धरली. काठाला धागे विणले, बायकोच्या, म्हणजे रत्नावहिनींच्या जुन्या लुगड्याचा काठ चिकटवला. डिंक बोटाला लागला की "शी", धागा नाकाशी आला की "शी". मी मोजत होतो, सतरानंतर सोडून दिलं.

मग मी फॉर्म वाचून दाखवला. कलाकृतीवर कारागिराचं नाव आवश्यक.

"पेनाने लिही," भाऊ म्हणाले.

"पेनाचं चालत नाही. कोरलेलं हवं, असं लिहिलंय."

ठसा फडक्यात आत होता. भाऊ आत गेले नाहीत. "सकाळी बघू," म्हणाले. मॅडमची गाडी सकाळी नऊला येणार होती. परात त्यांनी अंगणात ओट्यावर वाळत ठेवली. घरात न्यायची त्यांची छाती झाली नाही. चूक झाली ती इथे.

त्या घरात भागाबाई पहाटे उठतात. भाऊंची आई, वय ऐंशीच्या पुढे, दिसतं कमी, पण तांब्यावरचं हिरवं त्यांना वासाने कळतं. साठ वर्षं त्यांनी या घरात एकच काम केलं आहे: नवऱ्याने ठोकायचं, यांनी घासायचं. मी साडेआठला पोहोचलो तेव्हा ओट्यावर परात पालथी घातलेली होती आणि सूर्य उगवल्यासारखी चमकत होती. केळीचे धागे नि लुगड्याचा काठ चुलीत गेला होता.

"रुप्या," म्हातारी अहिराणीत ओरडत होती, "हाई काय घाण करी ठेयेल व्हती रे? परात बठ्ठी हिरवी व्हयेल व्हती! तुना बाप वर बशीसन देखी ऱ्हायना व्हई!"

"माय, ती जळगावले जाणार व्हती."

"अशी? हिरवी?" म्हातारीने कपाळाला हात लावला आणि चिंचेची रिकामी बरणी दाखवली. "मनी बठ्ठी चिंच सरी गयी घासता घासता."

मला वाटलं भाऊ आता भडकतील. त्यांनी परात उचलली, उजेडाकडे कलती केली, काठाखालून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. बोट स्वच्छ होतं.

मॅडम नऊला आल्या. परात बघून ओट्यावर बसल्याच. "पॅटिना कुठाय?" मी सांगितलं. त्या क्षणभर डोळे मिटून बसल्या. मग परात डोळ्यांजवळ नेली. म्हातारीचे हात काठापर्यंत पोहोचले होते, पण मधल्या खोल खळग्यांच्या तळाशी हिरव्याचा एकेक ठिपका राहिला होता. शेकडो ठिपके.

"थांबा!" मॅडम उभ्या राहिल्या. "भाऊ, हे तर आधीपेक्षा भारी आहे! आईंनी नकळत यात स्वतःला मिसळलंय. चिंच हेसुद्धा माध्यमच आहे!"

"काय म्हनस ती?" भागाबाईंनी मला विचारलं.

"तुम्ही कलाकार आहात म्हणते, आजी."

"चिंच आनी दे म्हना पहिले."

"धागेबिगे राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "अशीच जाऊ दे. खाली फक्त तुमचं नाव घाला, दहा जण नक्की समजा."

भाऊ आत गेले. फडकं घेऊन बाहेर आले, ठसा काढला, हात धुतले. परात पालथी केली. हातोडी उचलली. मग खाली ठेवली, परात पुन्हा उताणी केली आणि त्या ठिपक्यांकडे बघत बसले.

"मॅडम, जरा थांबा," म्हणाले.

शेजारून चिंचेचा गोळा आणवला. बाभळीच्या काडीला चिंधी गुंडाळली आणि एकेक खळगा कोरायला घेतला. मॅडम आधी "नको, नको भाऊ" म्हणाल्या, दोनदा हात धरायला पुढे झाल्या. मग ओट्यावर परत बसल्या. पाऊण तास लागला. भाऊंनी परात धुतली, पुसली, उजेडात धरली, पालथी केली आणि एक ठोका दिला. झुलाल. दोन्ही हातांनी परात मॅडमपुढे धरली.

"आता न्या."

"भाऊ, प्रदर्शनाचा विषय 'काळाच्या खुणा' आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ही तर नवीकोरी दिसते."

"नवीच शे."

मॅडमनी परातीचे फोटो काढले, भागाबाईंच्या पाया पडल्या, प्रयत्न करते म्हणाल्या. परात नेली नाही. चौथ्या दिवशी माझ्या मोबाइलवर मेसेज आला, 'आपल्या कलाकृतीची निवड होऊ शकली नाही'. भाऊंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"आले असते तर काय शिकले असते?" म्हणाले. "खोक्यात ठेवायला?"

"ठोकायलाही शिकले असते, भाऊ."

"हो," म्हणाले. "ते बी शिकले असते." आणि भट्टीपाशी जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात अय्युबभाई धुळ्याहून आले आणि अंगणात परातीला कल्हई करून गेले. "नवसागर आज कामाला लागला," म्हणाले. आता त्या परातीत भागाबाई कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ मळतात. मी तिथे जेवायला बसलो तेव्हा भाऊंनी आधी परात उजेडाकडे कलती केली, काठावर माझ्या बोटाचा ठसा दिसला आणि "शी!" म्हणाले.

राहता राहिलं खोकं. न्हाणीमागे तसंच पडलं होतं, झाकण लावलेलं, कुणी हात लावायला तयार नाही. "फॉर्म तू भरला," भाऊ म्हणाले, "आता फेक तूच." मी तोंडाला रुमाल बांधून ते किल्ल्याच्या बाजूला ओसाडीत नेलं. वाटेत झाकण सरकलं आणि वास असा आला की मी दगडाला टेकून ओकलो, आणि त्या क्षणी भाऊंचं सगळं पटलं. डोळे पुसून खोक्यात बघितलं. तळाशी एक तांब्याचा कपटा राहिला होता, भाऊंनी आधी करून बघितलेला. त्याच्यावरचा हिरवा इतका सुरेख होता की मी तिथे उन्हात पुन्हा बघत उभा राहिलो.

कपटा माझ्या दुकानात खणात आहे. भाऊ झेरॉक्स काढायला आले की मी खण बंद करतो.