ओढ्याच्या दोन काठांवरचे पाहुणे

कोकोएचे तळपाय केशरी होते. पामची उकडलेली फळं खळग्यात तुडवून तुडवून तो रंग असा मुरला होता, की वाळूनं घासला तरी निघत नसे. आईनं लावलेली पामची राई ओढ्यापलीकडे. घर, चूल, खळगा अलीकडे. घड तिकडे तोडायचे, तेल इकडे काढायचं. नवरा गेला, पोरी नांदायला गेल्या, पण त्या राईनं तिला कुणापुढं हात पसरू दिला नव्हता.

एका कोरड्या हंगामात जर्मन आला. छत्री, दारूच्या बाटल्या, काठीला बांधलेलं रंगीत फडकं. त्याच्या पाठोपाठ इंग्रज. फडकं वेगळं, बाटल्या तसल्याच. दोघं एकमेकांचं तोंड बघेनात. भांडलेले पाहुणे एका अंगणात निजवायचे नाहीत, एकाला ओढ्यापलीकडे झोपडी द्यायची, ही गावची रीत. तोग्बुईंनी, गावच्या राजानं, तेच केलं. जर्मन पलीकडे, इंग्रज अलीकडे. दोघांना पाणी दिलं, त्यांची दारू पूर्वजांच्या नावानं भुईवर शिंपडली आणि दोघांनी पुढं केलेल्या कागदांवर खूण केली. पाहुण्याचं मन राखायला काय जातंय?

पुढच्या हंगामात ओढाच सरहद्द झाला. पलीकडे जर्मनाचा बंदूकवाला शिपाई बसला. कोकोए घडांची टोपली घेऊन निघाली तर म्हणाला, “या बाजूचा माल त्या बाजूला जाणार नाही. जर्मनाच्या वखारीत घाल.” तोडलेला घड काय हुकूम ऐकतो? तो आंबला, आतलं तेल कडू झालं.

कोकोए तरातरा राजाच्या अंगणात गेली. राजाशी थेट बोलायचं नसतं, मधे मुखत्यार लागतो. आणि मुखत्यार होता तिचाच थोरला भाऊ, त्सात्सू.

“दादा, तोग्बुईंना विचार, माझ्या आईची राई त्यांनी कुणाला आंदण दिली?”

त्सात्सूनं साखर घोळली. “तोग्बुई, कोकोए म्हणते, राईची वाट जरा अडलीय.”

“जरा नाही म्हटलं मी. माझं बोलणं पोचव, नाहीतर उठ तिथनं.”

राजा खाली बघून म्हणाला, “आम्ही निजायला जागा दिली होती. जमीन नव्हती दिली.”

इंग्रजाचा दुभाष्या फोली कुडाशी मक्याचा गोळा खात बसला होता. तो फसकन हसला. कोकोए त्याच्याकडे वळली.

“हसतोस काय? एवढे समुद्र ओलांडून हे पाहुणे माझ्याच राईवर का मेले?”

“त्यांच्या गिरण्यांना वंगण लागतं, मावशी. साबणाला तेल लागतं. त्यांचं कापड खपवायला गिऱ्हाईक लागतं. पण खरी गोम वेगळीच. इंग्रजाला वाटतं, आपण नाही घेतलं तर जर्मन घेईल. जर्मनालाही तेच वाटतं. तुझी राई दोघांनी धड बघितलीसुद्धा नाही.”

“म्हणजे दुसऱ्याच्या पोटात जाऊ नये म्हणून माझं ताट उचललं.”

“तसंच.”

“आणि तू त्यांची जीभ होऊन फिरतोस.”

“पोट आहे, मावशी.”

“मला काय पोटाच्या जागी खळगा आहे?”

ती तशीच ओढा ओलांडून गेली. दुपार तापली होती. शिपाई घामानं निथळत होता, पण पाण्यासाठी ओढ्यात उतरायला जागा सोडता येत नव्हती. म्हणाला, “मावशी, घोटभर पाणी दे.”

पाण्याला त्या गावात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं, वैऱ्यालाही नाही. कोकोएनं ओढ्यातून भोपळ्याचा तुंबा भरला, त्याच्यापुढं आणून धरला आणि त्याचा हात पुढं येताच सगळा त्याच्या पायाशी ओतला.

“पाणी पाहुण्याला देतात. पाहुणा परत जातो. तू जाणार आहेस?”

त्यानं बंदूक उचलली. ती पाठ फिरवून राईत शिरली, कमरेचा कोयता उपसला आणि भुई खणायला बसली. माल त्या बाजूला जात नाही ना? मग खळगा इथंच. तेल कुणाला द्यायचं, कुणाला नाही, ते पुढचं पुढं. फळ आंबू द्यायचं नाही.

बातमी ऐकून तिन्हीसांजेला त्सात्सू पलीकडच्या काठावर आला. डोक्यावर तिची मडकी, काखेत उखळ-मुसळ. शिपायानं मडक्यांत डोकावून पाहिलं. रिकाम्या मडक्यांना मनाई नव्हती.

“घर मोकळं सोडलंस,” त्सात्सू म्हणाला.

“ठेव त्या पाहुण्यांना निजायला,” कोकोए म्हणाली. “ती मडकी इकडं आण.”