सूचना पेटीतला बांगडीचा तुकडा

माझं खोटं माहीत असलेला एकमेव माणूस आज पहाटे गेला.

फोन ठेवल्यावर क्षणभर मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

नाना. जळगावच्या आमच्या डाळ मिलचे मुकादम. मूळचे साक्रीकडचे, शाळा चौथीपर्यंत.
ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याहून डिप्लोमा करून आलेला नवा मॅनेजर. खिशाला दोन पेनं, अक्कल बेताची.

दर शनिवारी सुट्टीआधी नाना डाळ निवडणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसायचे.
"काय वं माय, या हप्तामा काय सलनं?" म्हणजे, या आठवड्यात काय खुपलं?

कुणाला फळीचा खिळा टोचायचा, कुणाला चाळणीपाशी अंधार व्हायचा. नाना त्यातली एकच गोष्ट धरायचे आणि सोमवारी ती दुरुस्त झालेली असायची.
बस, एवढंच.

मला तो टाइमपास वाटला. मी तो बंद केला आणि ऑफिसबाहेर कुलूपवाली सूचना पेटी ठोकली. सिस्टिम पाहिजे ना!

महिन्याने केबिनमध्ये नानांसमोर पेटी उघडली. कागद एकही नाही. आत एक वाकडा खिळा, गोणपाटाची चिंधी आणि हिरव्या बांगडीचा तुकडा.

"कचरापेटी आहे का ही?" मी भडकलो.

नाना हळूच म्हणाले, "त्यासले लिखता येत नही, साहेब. जे सलस ते टाकतस. बांगडी सुमनअक्कानी शे. पट्टानी जाळी फाटेल शे, तठे अडकनी."

म्हणजे मशीनच्या पट्ट्यावरची जाळी फाटलीय, हे मला कळलं होतं. नीट कळलं होतं.

"असेल ते कागदावर द्या म्हणावं," मी म्हणालो आणि पेटी खिडकीबाहेर झटकली.

तीन आठवड्यांनी त्याच फाटक्या जाळीतून अक्काचा हात पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली.

शेठजींनी विचारलं, "आधी कोणी सांगितलं होतं का?"

"नाही."

नाना शेजारीच उभे होते. खाली बघत राहिले. रिपोर्टमध्ये मी 'कामगाराचं दुर्लक्ष' असं लिहिलं.

संध्याकाळी मी नानांना विचारलं, गप्प का राहिलात?

"तुमले काढी टाकं तर तिना बोटे परत येतीन का? शनिवारे मना संगे फिरा."

फिरलो. नाना रिटायर होईपर्यंत दर शनिवारी फिरलो. माणसांसोबत काम करायला शिकलो ते तेवढंच.

आता कंपन्या मला लेक्चरला बोलावतात. छोट्या बदलांतून सुधारणा वगैरे. मी पेटीतला खिळा सांगतो, चिंधी सांगतो. टाळ्या पडतात.

बांगडी आजवर कुठेच सांगितली नाही. थू माझ्या जिनगानीवर.

अक्का अजून जळगावातच आहे. मध्ये एका लग्नात भेटली. हात पदराखाली.
मला म्हणते, "मन्हंच ध्यान नव्हतं, भाऊ."
आणि मी मान हलवली!

नाना, दुपारच्या गाडीने जळगावला निघतोय. तुम्हाला खांदा देतो आणि तसाच अक्काच्या दारी जातो. तिला अजूनही वाचता येत नाही, म्हणून ही पोस्ट तिच्यासाठी नाही. तिला तोंडाने सांगेन.

अक्का, तुम्ही सांगितलं होतं. मी ते फेकून दिलं.

रामराम, नाना.