डुप्लिकेटचा चेहरा

गोरेगाव पूर्वेला स्टुडिओच्या मागच्या गल्लीत एक छोटी फिल्म लॅब होती. ऐंशीनंतरची काही वर्षं मी तिथे तुटलेल्या फिल्म जोडायचं काम करत होते. कांजूरमार्गहून दोन बस बदलून यायचे. खोलीत स्पिरिटचा वास आणि खिडकीतून शेजारच्या तबेल्याचा. आज कुठे गोठ्याजवळून गेले की मला फिल्म तपासायचं ते खालून उजेड येणारं लाइट टेबल आठवतं आणि उगाच गहिवरून येतं.

एकदा लॅबच्या साहेबांनी एक मुका सिनेमा आणला. गलबत, चाचे, तलवारी आणि पुरुषी वेशातली शूर नायिका. आताच्या लोकांना तो पुन्हा दाखवायचा होता. म्हणजे आम्ही एकेक फ्रेम पुसायची, फाटलेलं सांधायचं, मग सगळं नव्या फिल्मवर उतरवायचं आणि खाली संगीत घालायचं. फिल्म इतकी ठिसूळ, की शिंक आली तर तोंड फिरवून शिंकायचं. मला ते काम फार आवडायचं. माझा सांधा पडद्यावर कळत नाही असं साहेब म्हणायचे आणि मी दिवसभर फुगून बसायचे.

सहाव्या रिळात नायिका गलबताच्या डोलकाठीवरून समुद्रात उडी मारते. उडीच्या सुरुवातीला नऊ फ्रेममध्ये चेहरा स्पष्ट दिसत होता आणि तो नटीचा नव्हता. आमच्या धंद्यात डुप्लिकेटचं तोंड दिसलं की कात्री, हा शिरस्ता. मी कोणाला विचारलंसुद्धा नाही. नऊ फ्रेम कापल्या, सांधा मारला आणि तुकडे पाण्याच्या पिंपात टाकले. जुनी फिल्म पेट घेते, म्हणून कचरा पाण्यातच जायचा.

लॅबच्या फाटकाशी एक कोळीण मावशी मासे घेऊन बसायची. सत्तरी उलटलेली, पण हात झपाझप चालायचे. पुढच्या आठवड्यात बांगडे घेताना मी सहज त्या सिनेमाची बढाई मारली. मावशीचा कोयता थांबला.

"गलबतावरनं उडी हाय त्यात?" तिने विचारलं.

"आहे ना."

"ती मी मारली गो. चौदा वर्षांची होते. नटीला पोहायला येत नव्हतं, म्हणून आमच्या गावातनं मला नेली. घरात कोण खरं मानत नाय. नातवंडं हसतात. मला एकदा त्यांना दाखवायचं हाय."

बांगडे तिथेच टाकून मी आत पळाले. पिंपात कोपरापर्यंत हात घातला. फ्रेम सापडल्या, पण आठवडाभर भिजून त्यांच्यावरचं चित्र पार सुटून गेलं होतं. हातात नुसते पारदर्शक तुकडे आले. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आपल्या हाताने आपण काय केलं हे कळून मी तिथेच रडले.

मावशीला सांगायचा धीर मात्र झाला नाही. भित्रेपणाच तो. उलट साहेबांच्या मागे लागून मी तिच्या घरच्यांसाठी पाच पास मिळवले.

शो रविवारी दुपारी होता. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा वळेसर माळून आली. बरोबर मुलगा, सून आणि दोन नाती. उडी आली. डोलकाठीवर नटी, आणि पुढच्याच क्षणी पाण्याकडे जाणारी पाठमोरी आकृती. सांधा झकास बसला होता.

दिवे लागल्यावर धाकटी नात म्हणाली, "आजी, ती तर हिरोईनच होती ना."

मुलगा हसला. मावशी नुसता पदर सारखा करत राहिली. ते मला बघवेना.

"तुमची आईच होती ती," मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले. "चेहरा दिसत होता. मी कापला. चूक माझी आहे."

मुलाचं हसू गेलं. आता मावशी शिव्यांची लाखोली वाहणार म्हणून मी मान खाली घातली. तिने माझं मनगट धरलं.

"म्हणजे तू बघितलीस मला," ती म्हणाली. "सांग ना गो यांना. कशी दिसत होते मी?"

"डोळे सताड उघडे होते," मी म्हणाले. "आणि मावशी, तू हसत होतीस."

"बघा," ती नातींना म्हणाली, "हसत होते." मोठी नात आजीकडे टक लावून बघायला लागली.

पुढे दोन वर्षं मी तिच्याकडून मासे घेतले. कोणी नवं गिऱ्हाईक आलं की ती मला पुन्हा सगळं सांगायला लावायची, आणि मी सांगायचे. वाऱ्यावर उडणारे केस, गालावरची खळी, दर वेळी थोडी भर घालून. खरं तर त्या नऊ फ्रेम उजेडाकडे धरल्या तेव्हा हा चेहरा नटीचा नाही, एवढंच मी पाहिलं होतं.