कोळशाच्या सावल्या

"सरका थोड्या, मॅडम. खोडात उभ्या आहा तुमी."

शाळेच्या फाटकासमोर कोणाशीही बोलायचं झालं, की आमच्या ड्रॉइंगच्या मॅडम आधी समोरच्याचा कोपर धरून त्याला हातभर बाजूला घ्यायच्या, मगच बोलायच्या. तिथं खोड नव्हतं. सिमेंटचा नवा रस्ता होता. पूर्वी तिथं कडुनिंब होता, एवढंच.

मूर्तिजापूरला त्या आणि मी बरीच वर्षं एकाच शाळेत होतो. मी विज्ञान शिकवते. त्यांचा नवरा लवकर गेलेला, मुलगी अमरावतीला दिलेली. शाळेमागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. दरवर्षी पाचवीच्या मुलांना फाटकासमोरच्या निंबांखाली बसवून तीच झाडं काढायला लावायच्या. कोणी हिरवा गोळा रंगवून मोकळा झाला, की विचारायच्या, "हा निंब आहे का फुलकोबी?" आणि कागद उलटा करून परत द्यायच्या.

मग रस्ता रुंद करायला निघाला. निंबांची अख्खी ओळ गेली. उरलेले बुंधे मजुरांनी पेटवून दिले. ते कितीतरी दिवस आतल्या आत धुमसत होते. त्यांचा कोळसा मॅडमनी पिशव्या भरभरून घरी नेला. आम्हाला वाटलं, अंघोळीच्या बंबाला लागत असेल.

रस्ता तयार झाला आणि एका रविवारी पाहते तर त्या ओणव्या होऊन रस्त्यावर सावली काढत होत्या. कोळसा कुटून जवसाच्या तेलात कालवलेला. डहाळी न डहाळी, पान न पान, आणि झाड होतं तेवढीच मोठी. मग सुटीच्या दिवशी एकेका निंबाची सावली त्याच्या त्याच्या जागी येत गेली. लोक हसले. मुलं त्यावरून सायकली फिरवायची.

हसणं कधी थांबलं ते सांगता येत नाही. आधी शेळ्या यायला लागल्या. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. अशा उन्हात त्या रस्त्यावर रवंथ करत बसायच्या, सगळ्या सावलीच्या आत, एकीचाही पाय बाहेर नाही. मग चहावाल्या चाचांनी गाडी तिथं आणून लावली. इथं ऊन लागत नाही, असं ते म्हणायचे. मी हसत हसत वाकले आणि रस्त्याला तळवा टेकवला. काळा रंग जास्त तापतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. हात काढावासा वाटला नाही. त्या दिवसापासून मी फाटकातून निघाले की खोडं चुकवत कडेकडेनं जाते.

शेवटी वळणावरची चिंच तेवढी उरली. तिच्या खोडावर तोडणीचा आकडा रंगवला गेला, आणि मॅडमनी उभ्या झाडाची सावली काढायला घेतली. गल्लीतल्या बायकांना ते सहन झालं नाही. जित्या माणसाची तेरवी करतं का कोणी, असं त्या म्हणू लागल्या. हेडसरांनी मला समजूत घालायला पाठवलं.

"काहून करून राहिल्या हे? झाड उभं आहे अजून," मी म्हटलं.

"बाकीचे आठवून काढा लागले, मॅडम." त्यांनी मान वर केली नाही. "एक तरी पाहून काढू द्या मले."

मी पाण्याची बाटली त्यांच्याजवळ ठेवली आणि परत आले.

मे महिन्यात त्यांना ऊन लागलं. मुलगी त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्या ग्लानीत होत्या. एकदाच डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाल्या, "झाली पुरी." चिंचेची सावली म्हणत असतील, असं मी धरलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

चिंच दिवाळीनंतर पडली. मी फाटकातच होते. फांद्या ओढून नेल्या, पाला झाडला, आणि मॅडमचं ते शेवटचं काम पहिल्यांदा मोकळ्या उजेडात आलं. खऱ्या सावलीत मिसळलेलं असल्यामुळे कोणी ते नीट पाहिलंच नव्हतं. खोडाच्या सावलीला टेकून एक बाई बसलेली होती. डोक्यावरून पदर, गुडघे पोटाशी घेतलेले.

आता टायर जाऊन जाऊन पानं पुसली गेली आहेत, फांद्याही विरल्या आहेत. बाई तेवढी ठळक आहे. त्या वळणावर मोटरसायकलवाले हमखास गाडी बाजूला घेतात. परवा एक जण इतका अचानक वळला, की पडता पडता वाचला. काय झालं म्हणून मी विचारलं.

"रस्त्यात कोणी बाई बसली होती ना, मॅडम," तो मागे वळून बघत म्हणाला. "उठून राहिली होती."